झोपाळ्याचा हूक आणि गॅलरीची सळई

स्लॅबच्या दिवशी घरमालक पेढे घेऊन येतो आणि मी टेप घेऊन. त्याच्या दृष्टीने तो दिवस सणाचा. माझ्या दृष्टीने ते शेवटचे काही तास, कारण संध्याकाळनंतर आत काय बांधलंय ते कोणालाच दिसणार नसतं. कराड तालुक्यातल्या एका गावी अण्णा-काकूंच्या घराचा स्लॅब होता, तेव्हा हे दोन्ही एकाच सकाळी समोरासमोर आलं.

अण्णा एसटीत वाहक होते. निवृत्तीची रक्कम, थोडं कर्ज आणि पुण्यातल्या मुलाची मदत, अशा हिशोबावर हजार चौरस फुटांचं घर उभं राहत होतं. वर पुढे कधीतरी एक खोली आणि पुढच्या बाजूला चार फूट बाहेर आलेली गॅलरी, जिच्या खाली आत्ताचा व्हरांडा. अण्णांना आकड्यांचं पक्कं भान. सिमेंटची गोणी मोजून उतरवून घ्यायचे, रिकाम्या गोण्याही मोजायचे. सळईला मात्र ते हात लावत नसत. “ते तुमचं खातं, साहेब.”

मला हे वाक्य आवडत नाही, पण बहुतेक घरमालक तेच म्हणतात. टाइल्सच्या दुकानात चार-चार दिवस घालवतील, स्लॅबखालच्या साच्यावर, म्हणजे सेंटरिंगवर, मात्र चढून बघणार नाहीत. टाइल आवडली नाही तर पुढेमागे बदलता येते.

आदल्या संध्याकाळी मी सगळं तपासून गेलो होतो. बीमच्या रिंगांतलं अंतर, सळईखालचे कव्हर ब्लॉक, सेंटरिंगच्या प्लेटांच्या सांध्यांना लावलेली टेप, टेकू ओळंब्यात आहेत का. गॅलरीची वरची सळई दोनदा बघितली होती आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. गॅलरीच्या बाबतीत मी जरा जास्तच कटकट करतो, त्याचं कारण पुढे येईल.

मुहूर्त साडेनऊचा. मी साडेआठला पोचलो तर स्लॅब भरणारी टोळी आलेली, विजापूरकडची. मिक्सरला हळदकुंकू लागलेलं, माल चढवायच्या लिफ्टचा सांगाडा उभा, खडी आणि क्रश सँडचे ढीग भिजवलेले. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता आणि काकू त्याला मोबाइल फिरवून घर दाखवत होत्या. मी शिडीवरून वर गेलो आणि गॅलरीपाशी थांबलो.

वरची सळई खाली बसली होती. तिला वर उचलून धरणाऱ्या निम्म्या घोड्या, म्हणजे सळई वाकवून केलेले आधार, आडव्या पडल्या होत्या, काही वाकल्या होत्या, आणि दहा एमएमची जाळी मधल्या भागात प्लेटला जवळजवळ टेकलेली. तिथेच दोन नवे हूक बांधलेले दिसले, गॅलरीच्या बाहेरच्या टोकापासून फूटभर आत.

इलेक्ट्रिशियनचा पोरगा बाजूलाच पाइपला सोल्यूशन लावत होता. त्याला विचारलं.

“दादांचा सकाळी फोन आला. व्हरांड्यात झोपाळा लावायचाय म्हणाले. काकूंसाठी.”

दादा म्हणजे पुण्याचा मुलगा. आईला सरप्राइज द्यायचं म्हणून त्याने मला न विचारता थेट इलेक्ट्रिशियनला फोन केला होता. पोरांनी गॅलरीच्या जाळीवर उभं राहून अर्धा-पाऊण तास हूक बांधले, आणि त्यांच्या पायाखाली घोड्या गेल्या. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

मी मुकादमाला सांगितलं, गॅलरी दुरुस्त झाल्याशिवाय वर माल चढवायचा नाही. त्याचा चेहरा पडला. टोळीचं काम अंगावर घेतलेलं असतं, उशीर झाला तर रोज वाढवून मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा दुसरीकडे स्लॅब होता. तो म्हणाला, “साहेब, माल टाकता टाकता आकडीनं सळई वर ओढतो की. सगळीकडं असंच करतो आम्ही.”

सगळीकडे असंच करतात हे खरं आहे, आणि नवी गॅलरी टेकू काढल्या काढल्या खाली येते तेव्हा बहुधा हेच कारण निघतं. ओल्या मालातून ओढलेली सळई वर राहिली की पुन्हा बसली, हे डोळ्यांनी कळायचा काही मार्ग नाही.

अण्णा शिडीखाली येऊन उभे. “साहेब, मुहूर्त टळतोय. एवढंसं काय ते होईल नंतर.”

त्यांना वर बोलावलं. काकूही मागोमाग चढल्या, पदर खोचून. एका बिगाऱ्याची जुनी स्लिपर घेतली, जिला चवड्यापाशी भेग होती. टाचेचा भाग एका फळीवर दाबून धरला, पुढचा भाग हवेत, आणि टोकावर बोट दाबलं. वरच्या बाजूची भेग उघडली. खालच्या बाजूला काहीच झालं नाही.

“खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडे आधार असतो, तो मधे खाली झुकायला बघतो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाला. गॅलरीला आधार एकाच बाजूला, म्हणून ती वरून फाटते. सळई वरच हवी. पाच इंचांत वरून तीस एमएम सोडून सळई. ही आत्ता तळाला गेलीय. पैसे तेवढेच गेलेत तुमचे, पण तिचा उपयोग जवळजवळ नाही.”

अण्णा स्लिपरकडे बघत राहिले. काकूंनी विचारलं, “मग ती आत किती गेलीय? नुसती बाहेरच आहे का?” हा प्रश्न मला आजवर फार थोड्या घरमालकांनी विचारलाय. गॅलरी बाहेर जेवढी, निदान त्याच्या दीडपट सळई आत खोलीच्या स्लॅबमध्ये जायला हवी. चार फुटांना सहा फूट. टेप काकूंच्या हातात दिला, त्यांनी स्वतः मोजलं. सहाला दोन बोटं जास्त भरली.

मुहूर्ताचा प्रश्न राहिलाच होता. साडेनऊला नारळ फुटला, मिक्सर फिरला, आणि पहिला माल मी मागच्या पाण्याच्या टाकीच्या पायात टाकायला लावला. स्लॅबवर चार घमेली टाकून तासभर थांबलं तर तो माल आवळायला लागतो आणि नंतरचा माल त्याला नीट धरत नाही. तिथून पुढे पाणी झिरपायचं निमित्त होतं.

“स्लॅबचा मुहूर्त टाकीला?” अण्णा नाराज.

“टाकी काय शेजाऱ्यांची आहे?” काकू म्हणाल्या. विषय संपला.

मग फिटरला फोन करून बोलावून घेतला. नव्या घोड्या, त्याही जवळजवळ, आणि गॅलरीत पाय पडू नये म्हणून बीमपासून बीमपर्यंत जाड फळ्या टाकल्या. झोपाळ्याचे हूक तिथून सोडवले. गॅलरीच्या टोकाला झोपाळा म्हणजे जिथे वजन नकोच तिथे माणसं झुलवणं. व्हरांड्याच्या आतल्या अंगाला बीम होता. हूक त्याच्या खालच्या सळयांवरून घेऊन आत वळवून बांधले. मुलाला फोनवर सांगितलं, झोपाळा अडीच फूट आत आला. तो आधी थोडा हिरमुसला, मग म्हणाला, “आईला कळलं का?” आईला केव्हाच कळलं होतं. तिला रंगही ठरवायचा होता.

स्लॅब सुरू व्हायला अकरा वाजले. सगळ्यात अवघड जागा आधी, म्हणून गॅलरीच पहिली भरली, मी शेजारी उभा राहून. व्हायब्रेटरची नळी सळईला लागू द्यायची नाही, एका जागी फार वेळ धरायची नाही. मग आत खोल्यांकडे सरकलो.

खाली काकूंनी मिक्सरपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. मिक्सरवाल्याला माल पातळ हवा असतो, घमेल्यातून भरभर सुटतो आणि वरून सपाट करायचा रंधाही हलका फिरतो. एम-२० प्रतीच्या साध्या मालाला ५० किलोच्या गोणीमागे पाणी ३० लिटरच्या वर जाऊ नये, असं काँक्रीटचं भारतीय मानक आय.एस. ४५६ सांगतं, आणि वाळू भिजलेली असेल तर त्याहूनही कमी घालायचं. मी बादलीला आतून खूण करून दिली होती. दुपारी तीनच्या सुमाराला वरून ऐकलं, “अरे बाबा, खुणेच्या वर गेलं! ओत परत!” अण्णा रिकाम्या गोण्या मोजत होते आणि काकू बादल्या. बीमसकट सव्वाशेच्या आसपास गोण्या गेल्या. मधेच मालाची ताकद तपासायला सहा क्यूब भरून ठेवले, दीडशे एमएमचे. रंधा फिरून झाला तेव्हा दिवे लावावे लागले. टोळी जेवायला बसली, जिलेबी काकूंनी स्वतः वाढली, मुकादमाला आग्रह करून.

यानंतरचा काळ घरमालकाला सगळ्यात जड जातो. एका दिवसात एवढं मोठं काम झालेलं असतं आणि मग साइटवर शुकशुकाट. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर वाफे बांधले, पाणी भरलं आणि गवंडी निघून गेले. चौथ्या दिवसापासून अण्णांचे फोन. “साहेब, काम बंद आहे का?” “बंद नाही अण्णा, पाणी चाललंय.” वाफ्यांत पाणी दोन आठवडे राहिलं पाहिजे, एवढंच काम त्या दिवसांत असतं. कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो, भाड्याच्या घराचं भाडंही चालू, त्यामुळे रिकामी साइट बघून पोटात गोळा येतो. तो राग कंत्राटदारावर निघतो. हे स्लॅबच्या आधीच सांगितलं तरी उपयोग होत नाही, तेव्हा पुन्हा सांगावंच लागतं.

दुसऱ्या आठवड्यात सेंटरिंगवाला प्लेटा मागायला आला. त्याचंही चुकत नव्हतं, प्लेटा अडकल्या की त्याचा धंदा अडकतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी, असं त्याच आय.एस. ४५६ मध्ये आहे. आपण वापरतो ते राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट सावकाश ताकद धरतं, म्हणून मी खोल्यांचे टेकू त्याहून जास्त दिवस ठेवतो. त्याला वाटलं अण्णांना गाठलं की झालं. अण्णा तयारही झाले होते, कारण तो भाड्यात सूट देत होता. काकूंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, गॅलरीखालचा एक टेकू हलला तर पैसे मिळणार नाहीत.

गॅलरीचे टेकू मी अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचा निकाल हातात आल्यावर काढायला लावले. निकाल एम-२० ला हवा तसा, चांगला होता. टेकू काढताना सुरुवात बाहेरच्या टोकापासून, मग भिंतीकडे. आतून सुरुवात केली तर टोकाचा टेकू तसाच राहतो आणि गॅलरी दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबगत मधे वाकायला बघते, जिथे तळाला मुख्य सळईच नाही. काकू खाली उभं राहून हे मुकादमाच्या पोराला समजावत होत्या. मी मधे बोललो नाही, बरोबरच सांगत होत्या.

शेवटचा टेकू निघाल्यावर अण्णांनी हात झटकले. “चला, आता गिलावा. म्हणजे दिवाळीत राहायला.”

गिलाव्याआधी त्यांच्या नव्याकोऱ्या भिंतींत वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन कटर घालणार होता, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. आणि मुलगा आतल्या खोलीत एसीचा पॉइंट वाढवायचा म्हणत होता, तेही.