गुडघा बदलल्यावर सुया टोचून घ्याव्यात का?

तुम्ही विचारलंत म्हणून: "आईचा गुडघा बदललाय. दुखण्याच्या गोळीने तिला मळमळतं. अ‍ॅक्युपंक्चर केलं तर गोळ्या बंद करता येतील का?" प्रश्न बहुतेक याच शब्दांत येतो. आमचं उत्तर: गोळ्या बंद करायला नको, कमी लागाव्यात म्हणून जरूर करून बघा. २०१७ साली गुडघा बदललेल्या रुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. अ‍ॅक्युपंक्चरने अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांची गरज उशिरा पडते, याला त्यात बऱ्यापैकी आधार मिळाला. दुखणंच किती कमी होतं, याचा पुरावा मात्र कच्चा निघाला. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं पॅरासिटामॉल चालूच ठेवा. अफूच्या वर्गातली ट्रामाडॉलसारखी गुंगी आणणारी, पोट बांधणारी गोळी त्यांना विचारून कमी करता आली, तर मोठंच काम झालं, कारण गुंगीतला माणूस गुडघा वाकवायचे व्यायाम करत नाही.

१९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) काढलं. ते ऑपरेशन सुयांवर झालं, असं आजही सांगतात. ते झालं नेहमीच्या बधिरतेच्या इंजेक्शनांवर. सुया लागल्या त्या नंतरच्या रात्री, पोट फुगून त्रास व्हायला लागला तेव्हा: उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली, मिळून तीन. म्हणजे तुम्ही विचारताय तोच, ऑपरेशननंतरचा उपयोग.

मळमळीसाठी मनगटाच्या बिंदूला चांगला आधार आहे. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर रुग्णाचीच तीन बोटं आडवी ठेवा. मूठ हलकी आवळून मनगट जरा दुमडलं की दोन दोऱ्या वर येतात. बोटांच्या वरच्या कडेला, त्या दोऱ्यांच्या मधे तो बिंदू असतो. तिथे सुईच हवी असं नाही. घरी अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबलं तरी चालतं. हाताला सलाईन लावलेलं असेल तर दुसरा हात घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात, टाक्यांजवळ किंवा सुजलेल्या भागात सुई नको. आत कृत्रिम सांधा आहे, तिथे जंतू पोचले तर तो पुन्हा उघडावा लागू शकतो. सुया दुसऱ्या पायाला, हातांना लावतात. दुसऱ्या पायावरचा नेहमीचा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर असतो. कानात चिकटवून दिवसेंदिवस ठेवायची बारीक सुईही या काळात टाळा. तिच्याऐवजी कानावर चिकटवायच्या, सुई नसलेल्या बियांच्या पट्ट्या चालतात.

सुई पाव मिलिमीटर जाडीची, निर्जंतुक, एकदाच वापरायची. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. जडपणा किंवा मुंग्या येणं अपेक्षित आहे, विजेसारखी तीव्र कळ आली तर लगेच सांगा. वीस ते तीस मिनिटं पुरतात. सत्र फिजिओथेरपीच्या आधी ठेवा, आराम वाटतो तो वेळ गुडघा वाकवण्यात जायला हवा. सुयांना विजेचा हलका प्रवाह देणारं मशीन जोडणार असतील तर पेसमेकर आहे का, हे आधी सांगायचंच.

चक्कर बहुतेक उपाशीपोटी किंवा बसून सुया घेतल्यावर येते. थोडं खाऊन जा, आडवं पडूनच घ्या. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सगळ्या सुया काढून पाय वर करायचे. गुडघा बदलल्यावर रक्त पातळ ठेवायचं औषध बहुतेकांना चालू असतं. ते सुयांसाठी स्वतःहून थांबवू नका. उथळ, मोजक्या सुया घ्या आणि काढल्यावर प्रत्येक जागा कापसाने पाच मिनिटं दाबून धरा. कपिंग, म्हणजे पेले लावून कातडी ओढून धरणं, नकोच. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजून जुळवा, पांघरुणाखाली एखादी राहून जाते.

पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर सुया बाजूला ठेवून आधी सर्जनकडे. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट तातडीच्या विभागात.

वहीत रोज तीन आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, दिवसात गोळ्या किती, गुडघा किती अंश वाकला. चार सत्रांनंतर तिन्हींत काहीच हललं नाही, तर पैसे फिजिओथेरपीवर घाला.