हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मामा किंवा काका विचारतातच, "अगं, अमोनिया हायड्रोजनपासूनच करतात ना? मग त्यातून परत हायड्रोजन काढायचा म्हणजे द्राविडी प्राणायामच की!" अमोनिया फोडून त्यातले हायड्रोजन आणि नायट्रोजन सुटे करणारे कॅटॅलिस्ट, म्हणजे ही क्रिया वेगाने घडवणारे पदार्थ, बनवणं हे माझं काम, त्यामुळे पानावरचं आटपेपर्यंत उत्तर द्यावंच लागतं.

प्रश्न चुकीचा नाही. पण हायड्रोजन द्रवरूपात न्यायचा तर तो उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. अमोनिया उणे ३३ अंशांनाच द्रव होतो, आणि वजनाने त्यात १७ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन असतो. खतांमुळे त्याची जहाजं, टाक्या, बंदरं आधीपासून आहेत. एवढ्यासाठी हा वळसा.

तोही फुकट नाही. फोडायला लागणारी उष्णता म्हणजे मिळणाऱ्या हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा साधारण आठवा हिस्सा. म्हणून जिथे अमोनियाच थेट वापरता येतो तिथे तो फोडूच नये, असं माझं मत. आमच्या विभागात ते फारसं कुणाला आवडत नाही.

खरी गंमत भट्टीत आहे. हिशेबाने साध्या दाबाला ४०० अंशांनाच ९९ टक्के अमोनिया फुटायला हवा. फुटत नाही, कारण हायड्रोजन सुटून गेला तरी नायट्रोजनचे अणू कॅटॅलिस्टमधल्या धातूवर ठिय्या मारून बसतात. दोघं जोडीने उठले तरच पुढच्याला जागा. लोखंड त्यांना फार घट्ट धरतं, तांबं जवळच करत नाही. रुथेनियमची पकड बेताची, म्हणून ते सर्वांत चपळ. पण ते प्लॅटिनमच्या खाणीतून जोडउत्पादन म्हणून जेमतेम निघतं. मग आम्ही कोबाल्टची ढिली पकड आणि मॉलिब्डेनमची घट्ट पकड यांचं लग्न लावून पाहतो. शिवाय फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राला, द्यायच्या हायड्रोजनमध्ये एक कोटी रेणूंमागे अमोनियाचा एकच रेणू चालतो, त्यामुळे थोडंफार उरलं तर चालेल, असंही म्हणता येत नाही.

अशीच एक काळी पूड, चिमूटभर, मी स्टेनलेस स्टीलच्या नळीत भरली होती. ६०० अंशांना आकडे असे आले की मी आईला फोन केला. सर म्हणाले, "रिकामी नळी चालवून पाहिलीस?" नव्हती पाहिली. पाहिली, तर रिकामी नळीसुद्धा अमोनिया फोडत होती. त्या स्टीलमध्ये लोखंड आणि निकेल दोन्ही असतं, हे मला बारावीपासून माहीत होतं.

आता नळी क्वार्ट्झची आहे. तीच पूड त्यात भरल्यावर आकडा निम्म्यावर आला. आईला ते अजून सांगितलेलं नाही.