पहाटे सहाची चाचणी

फाइलवर ‘फिट फॉर डिस्चार्ज’ लिहून झालं होतं. जखम कोरडी, रक्ताचे रिपोर्ट ठीक, एक्स-रेमध्ये नवा सांधा जागच्या जागी. आजी पंचाहत्तरीच्या. पडून डाव्या खुब्याजवळचं हाड मोडलं म्हणून अर्धा सांधा बदललेला. सर्जनच्या दृष्टीने काम संपलं होतं आणि खाली इमर्जन्सीत त्या खाटेसाठी पेशंट थांबले होते. राहिली होती फक्त फिजिओथेरपिस्टची, म्हणजे माझी सही. ती मिळणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, कारण रोज अकराच्या सुमारास आजी वॉकर घेऊन वॉर्डच्या टोकापर्यंत जाऊन येताना सगळ्यांना दिसत होत्या.

मी अडले ते रात्रपाळीच्या सिस्टरच्या एका नोंदीवर. ‘पहाटे संडासला नेताना दोघी लागल्या.’ फिजिओने रात्रपाळीच्या नोंदी रोज वाचाव्यात असं माझं ठाम मत आहे. पेशंट घरी कसा राहील हे आमच्या मूल्यमापनापेक्षा तिथे जास्त कळतं.

आजींना बऱ्याच वर्षांपासून पार्किन्सन्स होता, म्हणजे अंग ताठ आणि हालचाल मंद करणारा मेंदूचा आजार. त्यावरच्या लेव्होडोपाच्या गोळीचा जोर काही तास टिकतो, मग ओसरतो. रात्रीची शेवटची गोळी झोपताना, पुढची सकाळी नाश्त्याच्या वेळी. मधला काळ अंग लाकडासारखं. माणूस अकरा वाजता चालतो आणि पहाटे त्याच माणसाला कूस बदलता येत नाही, यात विसंगती काहीच नाही. घरी मात्र संडासला उठायची वेळ पहाटेचीच असणार होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सहाला, गोळीच्या आधी, वॉर्डवर गेले. झोपलेल्या स्थितीत वरचं ब्लड प्रेशर १३८, उभं राहिल्यावर मिनिटभरात ११०. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वीस किंवा त्याहून जास्त घसरलं तर आम्ही सावध होतो, इथे अठ्ठावीस. उठताना आजींचं सगळं वजन मागे जात होतं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं, ही आमची नेहमीची चाचणी. यात बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. आदल्या दिवशी अकराला आजींना चोवीस लागले होते. सहाला चाचणी पूर्णच झाली नाही. बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटले. वरचं अंग पुढे, पाय मागे. ऑपरेशनच्या आधी त्या पडल्या होत्या त्याही अशाच दारात, हे तेव्हा बोलता बोलता कळलं. कोणी विचारलंच नव्हतं.

मग आजोबा. अठ्ठ्याहत्तरीचे, दोन्ही गुडघे झिजलेले. “रात्रीचं मी बघतो, काळजी करू नका,” हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य. मी म्हटलं, “आजोबा, मग आत्ताच उठवून दाखवा, मी आणि सिस्टर बाजूला आहोत.” त्यांनी आजींचे दोन्ही हात धरून ओढलं. ओढलं की पार्किन्सन्सचा माणूस आणखी मागे रेलतो. आजी अर्ध्यावर उठल्या आणि आजोबांचा गुडघा वाकला. दोघांनाही आम्हीच सावरलं. त्यानंतर रात्रीच्या मदतीचा विषय काढायला मला फारसं बोलावं लागलं नाही. मुलगी दारात उभी होती.

रेसिडेंट डॉक्टर वैतागले. त्यांच्यावर खाटेचा दबाव होता, त्यांचंही चूक नव्हतं. पण मुलीने फोनवर पाठवलेले घराचे फोटो आणि मापं मी त्यांच्यापुढे ठेवली: बाथरूमचं दार ५५ सेंटिमीटर, वॉकर ६२. कमोड बुटका, आणि नव्या सांध्याला खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायला मनाई. पलंगही गुडघ्याच्या खाली. “आज सोडलं तर दुसरा खुबा घेऊन याच आठवड्यात परत येतील,” एवढंच मी त्यांना म्हणाले.

पुढचे काही दिवस खऱ्या अर्थाने डिस्चार्जचं काम झालं. न्यूरोलॉजिस्टनी झोपतानाची गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारात बदलली आणि सकाळची पहिली गोळी उशाशी ठेवून, उठायच्या तासभर आधी घ्यायला सांगितली. ब्लड प्रेशरची एक गोळी कमी झाली. उचलून ठेवायचा वॉकर जाऊन पुढे चाकं असलेला आला, कारण उचलण्यात चालीची लय तुटते आणि पाय अडकतात. रोजची कामं पेशंटला जमावीत हे बघणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने कमोडवर उंच सीट, पलंगाखाली ठोकळे आणि दाराजवळ जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या सुचवल्या; पाय अडकला की पट्टी ओलांडायची, मेंदूला तेवढं निमित्त पुरतं. रात्रीपुरता खुर्चीचा कमोड पलंगाशेजारी. मुलीला उठवण्याची रीत शिकवली: आधी कडेला सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग तीन आकडे मोजून उठायचं, हात कधीच ओढायचा नाही. आजोबांकडे गोळ्यांच्या वेळा सोपवल्या. ते काम त्यांनी अलार्म लावून चोख केलं.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा अगदी वर, ठळक लिहून घेतल्या. शस्त्रक्रियेचा तपशील खाली गेला तरी चालतो.

सहा आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा आजी एकदाही पडल्या नव्हत्या. खुर्चीचा कमोड मात्र त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात खोलीबाहेर काढायला लावला होता. पहाटे गोळी, तासभर थांबणं, मग मुलीला हाक मारून बाथरूमपर्यंत. मी वाद घातला नाही. दाराजवळ धरायला दांडा बसवलाय का, विचारलं. बसवला होता, पण खांद्याच्या उंचीवर. तिथून हाताला जोर मिळत नाही. आजींना उभं करून टेपने माप घेतलं आणि नवी उंची मुलीला कागदावर लिहून दिली.