आली एकदाची!!
आमच्या धाकटीची डिलिव्हरी झाली, मुलगी!! ड्यू डेट उलटून आठवडा झाला तरी मॅडम आत निवांत आणि इकडे फोनवर सगळ्यांचं एकच, काय गं अजून नाही? अहो झालं की सांगू ना, लपवून ठेवणारोत का. आणि 40 आठवडे म्हणजे काय एक्सपायरी डेट नाही, पण 41 नंतर नाळेचं काम मंदावू शकतं, पाणी कमी होऊ शकतं म्हणून डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं, कळा सुरू व्हायला जेल लावलं. रात्रभर कळा येतायत जातायत पण पिशवीचं तोंड काही उघडेना, मग सकाळी कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं ड्रिप सुरू केलं आणि त्या कळा म्हणजे बाप रे, पोरीने माझा हात पार पिळून काढला. आई बाहेर जपमाळ घेऊन, दाजी चहावर चहा. सिस्टर सारखे बाळाचे ठोके बघायच्या, 140 म्हणाल्या की माझा जीव भांड्यात. (आमच्या वेळी घरीच व्हायचं असं कोणी कमेंटमध्ये लिहिलं तर सरळ ब्लॉक!) संध्याकाळी एकदाचं रडणं ऐकू आलं. उशिरा आलेली ना, त्यामुळे नखं वाढलेली, गालावर स्वतःच ओरखडा काढून घेतलाय, तळहाताची साल निघतेय, जावळ तर विचारू नका. धाकटी अळिवाची खीर खाऊन झोपलीय. नाव विचारू नका, ते बारशाला आत्याच सांगेल!