तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवाहाची फिट्टंफाट का होत नाही?

दहावीच्या बीजगणितात नाव आणि प्रवाहाची शाब्दिक उदाहरणं आली की दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मुलंही विचारतात. "बाई, जाताना पाणी जेवढं ढकलतं, येताना तेवढंच अडवतं. मग फिट्टंफाट झाली ना? प्रवाह धरायचाच कशाला?"

मला हा प्रश्न फार आवडतो. तो विचारणाऱ्याने नुसतं सूत्र पाठ केलेलं नसतं, नाव डोळ्यासमोर आणलेली असते.

संथ पाण्यात नावेचा वेग ताशी १० किमी, प्रवाहाचा २. गाव २४ किमीवर. जाताना वेग १२, म्हणजे २ तास. परतताना ८, म्हणजे ३ तास. एकूण ५. पाणी संथ असतं तर ४८ किमीला ४ तास ४८ मिनिटं पुरली असती. मग ही वरची १२ मिनिटं आली कुठून?

इथे मी मुलांना घड्याळाकडे बघायला लावते. पाण्याने मदत केली २ तास, तासाला २ किमी. म्हणजे ४ किमी पुढे ढकललं. अडवलं मात्र ३ तास, म्हणजे ६ किमी मागे ओढलं. पदरात २ किमीचा तोटा. तो नावेने स्वतःच्या ताशी १० च्या वेगाने भरून काढला: बरोबर १२ मिनिटं. अंतर दोन्हीकडे सारखं असलं तरी वेळ सारखा नाही. पाणी अडवतं म्हणूनच त्या अडवणाऱ्या पाण्यात आपण जास्त वेळ राहतो.

१२ आणि ८ ची सरासरी १० काढणारे इथेच चुकतात. खरी सरासरी ४८ भागिले ५, ताशी ९.६. तरीही पटत नसेल तर प्रवाह ८ धरा: जायला १ तास २० मिनिटं, यायला १२ तास. १० धरलात तर नाव परतच येत नाही.

१८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकेलसन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांनी असाच हिशेब प्रकाशाला लावला. अवकाश ईथरने, म्हणजे प्रकाशाला वाहून नेणाऱ्या एका अदृश्य माध्यमाने, भरलंय आणि पृथ्वी त्यातून धावते, असा तेव्हाचा समज. तसं असेल तर ईथरच्या प्रवाहाच्या रेषेत जाऊन-येऊन प्रकाशाला आडव्या वाटेपेक्षा किंचित जास्त वेळ लागायला हवा होता. अपेक्षेएवढा फरक त्यांना सापडला नाही, आणि भौतिकशास्त्राला ईथरचाच फेरविचार करावा लागला. दहावीच्या गणितात एवढं दडलेलं आहे, हे मुलांना सांगताना मला अजूनही भरून येतं.

एकदा वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका मुलीने मात्र मला अडवलं. "बाई, आमचे आजोबा दाभोळहून भरतीबरोबर गोवळकोटला चढायचे आणि ओहोटीबरोबर उतरायचे. त्यांना दोन्ही वेळा पाणी ढकलायचंच."

खरंच की. पुस्तकातली नदी एकाच दिशेला वाहते. खाडीचं पाणी दिवसातून साधारण चार वेळा फिरतं. मी तिच्या हातात खडू दिला. तिने जातानाही आणि येतानाही 'क्ष + य' (नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य) लिहिलं, २४ ला दोनदा १२ ने भागलं, ४ तास. मग खाली बारीक अक्षरात: "ओहोटी लागेपर्यंत थांबण्याचा वेळ वेगळा."