अजनीचं इंजिन, दोन खोक्यांतून

नागपुरातल्या अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, म्हणजे विजेच्या इंजिनांच्या देखभालीच्या कारखान्यात, मी तीस वर्षं बोगी सेक्शनला काढली. बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाच्या अंगाखालचा चाकांचा सांगाडा. एक्सल, व्हील सेट (एक्सल आणि त्यावरची दोन चाकं), स्प्रिंगा, धक्के शोषणारे डॅम्पर यांतच दिवस गेले. रिटायर झाल्यावर घरी पुन्हा एक इंजिन बांधायला घ्यावं लागेल असं वाटलं नव्हतं. ते हातभर लांबीचंही नव्हतं, पण त्याने माझे जवळजवळ अडीच महिने घेतले.

सुरुवात माझ्या नातीने केली. सई पाचवीत आहे. तिच्या मामाने पुण्याहून लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या, प्रवासी गाडीचा संच पाठवला होता. मोटर, बॅटरीची डबी, हातातला रिमोट, गोल रूळ असं सगळं त्यात होतं. गाडी छान होती, पण युरोपातली, लांब निमुळत्या नाकाची. दोन दिवस चालवून झाल्यावर सई म्हणाली, "आबा, अशी गाडी आपल्या इकडे कुठं दिसते? तुमचं इंजिन बनवू ना."

माझं इंजिन म्हणजे वॅप-७, आपल्या रेल्वेचं प्रवासी गाड्या ओढणारं विजेचं इंजिन. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा, कुशीला राखाडी जाळ्या, समोर दोन मोठ्या काचा आणि बाजूला देवनागरीत लिहिलेलं 'अजनी'. नागपुरात राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको.

एका संचात ते होणार नव्हतं हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. प्रवासी गाडीत पांढरे ठोकळे होते, पण राखाडी कमी, लाल जवळपास नाहीच आणि चाकं मोजकी. मानेवाड्याला आमच्या ओळखीच्या एका घरी मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली. त्यांच्याकडे मालगाडीचा जुना संच पिशवीत पडून होता, खोकं नाही, पुस्तिका नाही. तो आम्ही विकत घेतला. नवा संच घ्यायचा तर किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो, त्यामुळे जुना शोधणं हाच खरा रस्ता आहे असं मी सांगेन. त्या पिशवीत लाल पट्ट्या निघाल्या, राखाडी चपटे तुकडे निघाले आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाकांच्या जास्तीच्या जोड्या निघाल्या.

सगळे ठोकळे आधी धुतले. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. गरम पाणी घालू नये, प्लास्टिक वाकडं होतं. जुन्या पिशवीतले पांढरे ठोकळे मात्र पिवळट पडलेले होते आणि नव्या पांढऱ्याशेजारी ठेवले की ते डोळ्यात खुपत. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे प्लास्टिक पिवळं पडतं. ते उतरवायला पुन्हा ऊनच लागतं, फक्त सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड हवं. औषधाच्या दुकानातून सौम्य द्रावण आणलं, हातमोजे घातले, काचेच्या बरणीत ठोकळे बुडवून गच्चीवर ठेवले. पण एप्रिलचं नागपूर. दुपारी बरणीतलं पाणी हात लावता येणार नाही इतकं तापतं. म्हणून सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढंच ऊन द्यायचं, मग बरणी आत. पाच सकाळी गेल्या. पूर्ण पांढरे झाले नाहीत, पण शेजारी लावले तर फरक शोधावा लागतो इतपत झाले.

आता मापं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इंजिन या हिशोबावर उभं आहे.

लेगोच्या रुळांमधलं अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. भागाकार केला की प्रमाण येतं पंचेचाळिसास एक. वॅप-७ ची रुंदी सुमारे ३ मीटर १५ सेंटिमीटर, म्हणजे मॉडेल ७० मिलिमीटर रुंद हवं. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना सई टिकल्या म्हणते, मीही तेच म्हणतो. दोन टिकल्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. सत्तर मिलिमीटर म्हणजे जवळपास नऊ टिकल्या, आणि विषम आकड्यावर डावी-उजवी बाजू सारखी बांधणं फार कटकटीचं. मी आठ टिकल्या घेतल्या, म्हणजे ६४ मिलिमीटर. प्रमाण झालं एकोणपन्नासास एक. संचातली गाडी सहाच टिकल्या रुंद असते. ती आपल्या इंजिनाशेजारी ठेवली की बारीक दिसते. आपली गाडी रुंद आहे, आणि ते रुंदपण दिसलंच पाहिजे यावर मी अडून बसलो.

उंचीला अडचण आली नाही. लांबीला आली. खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या धक्के झेलणाऱ्या दट्ट्यांपर्यंत, २० मीटर ५६२ मिलिमीटर. एकोणपन्नासाने भागलं की ४२ सेंटिमीटर, बावन्न टिकल्या. आणि लेगोचं वळण? सोळा वाकडे रूळ जोडले की पूर्ण वर्तुळ होतं, त्याची त्रिज्या चाळीस टिकल्या, म्हणजे ३२ सेंटिमीटर. एकोणपन्नास पटीने मोठं केलं तर सोळा मीटरही भरत नाही. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरच्या आतलं वळण चालत नाही. खरं वॅप-७ या वळणावर पाऊलभरही गेलं नसतं.

मी खडू घेऊन फरशीवर वळण काढलं आणि पुठ्ठ्याची पट्टी फिरवून पाहिली. बावन्न टिकल्यांची पट्टी वळणावर इतकी बाहेर लोंबत होती की गाडी रुळावर आहे असं वाटेचना. कापत कापत अडतीस टिकल्यांवर आलो. दोन बोग्यांच्या फिरकीतलं अंतर बावीस ठेवलं. तरी वळणावर पोट दीड टिकली आत येतं आणि तोंड जवळपास तीन टिकल्या बाहेर जातं. सईला तिचा फलाट रुळापासून किती लांब ठेवायचा ते यावरूनच ठरलं.

म्हणजे चौदा टिकल्या इंजिन मी खाल्लं. वाईट वाटलं. मधल्या जाळ्यांची एक रांग गेली. पण रुंदी, उंची, तोंडाचा उतार आणि सहा एक्सल यांना हात लावायचा नाही हे ठरवलं. वॅप-७ ला एकेका बोगीत तीन एक्सल असतात. संचातल्या बोग्या दोन एक्सलच्या. दोन एक्सलच्या बोग्यांवर उभं केलेलं वॅप-७ बाकी कितीही हुबेहूब असलं, तरी मी त्याला वॅप-७ म्हणणार नाही. पोराटोरांना चाललं असतं, मला नाही.

तिथेच सगळं अडलं.

मागची बोगी मी तीन व्हील सेट एका ओळीत लावून बांधली, टोकाच्या दोन एक्सलमध्ये आठ टिकल्या. सरळ रुळावर झकास. वळण आलं की मधलं चाक रुळावर चढायचं आणि पूर्ण बोगी खाली. सई दर वेळी सांगायची, "आबा, पुन्हा उतरून राहिलं!" तीन दिवस मी जोड घट्ट करत राहिलो, आणि तिथेच चुकत होतो. घट्ट करायचं नव्हतं, सैल करायचं होतं.

वळणावर टोकाची दोन एक्सलं रुळाच्या कमानीवर बसतात. मधलं त्यांच्यामधल्या सरळ रेषेवर राहू पाहतं, पण रूळ तिथे बाजूला सरकलेला असतो. किती सरकलेला? आठ टिकल्या म्हणजे ६४ मिलिमीटर; चौसष्टचा वर्ग करायचा आणि त्याला आठ गुणिले तीनशे वीस या गुणाकाराने भागायचं. उत्तर १.६ मिलिमीटर. तेवढी जागा मधल्या एक्सलला मिळाली नाही तर फ्लँज, म्हणजे चाकाची रुळाच्या आत राहणारी कड, रुळावर चढणारच. खऱ्या तीन एक्सलच्या बोगीतही मधल्या एक्सलला आडवा खेळ, म्हणजे बाजूला सरकायची मोकळीक, जास्त ठेवतात. शेडमध्ये मी तो खेळ कितीदा गेज लावून मोजला असेल! आणि घरी फरशीवर बसल्यावर तेच सुचायला तीन दिवस लागले.

उपाय साधा होता. मधला व्हील सेट ठोकळ्याला न अडकवता, वर बिनटिकल्यांची गुळगुळीत पट्टी लावून तिच्याखाली नुसता सरकता ठेवला. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन मिलिमीटर मोकळी जागा. पुढे-मागे जाऊ नये म्हणून दोन आडव्या दांड्या. त्याच्यावर वजन फार पडू दिलं नाही, नाहीतर घर्षणाने तो सरकतच नाही. अकरा फेऱ्या मारल्या, एकदाही उतरलं नाही.

पुढच्या बोगीचा प्रश्न वेगळा होता. तिथे मोटर आहे आणि तिचं पोट दोन एक्सलमधली सगळी जागा भरून टाकतं. तिसरं एक्सल घालायला जागाच नाही. तिथे मी मधली चाकं नुसती बाजूच्या पट्टीवर टांगली, गोल तुकड्यांची, रुळाच्या केसभर वर. बाहेरून पाहणाऱ्याला सहाही एक्सल दिसतात. मला माहीत आहे की एक खोटं आहे, आणि ते अजून डाचतं.

मग ओढण्याची परीक्षा. मागे तीन डबे लावले आणि मोटरची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चाकांना रबरी कडं असतं, तरी घसरत होती. खरं वॅप-७ १२३ टनांचं असतं आणि सहाही एक्सलवर ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी मोटर, असते, म्हणजे साडेवीस टन दर एक्सलवर आणि ते सगळंच वजन ओढायच्या कामाचं. आमच्या इंजिनात सहापैकी दोनच एक्सल ओढतात. मी मात्र सहा बारीक सेलची डबी, गाडीतली सगळ्यात जड वस्तू, बरोबर मधोमध ठेवली होती. ती उचलून पुढच्या बोगीच्या डोक्यावर बसवली. खऱ्या इंजिनाची चाकं घसरली तर रुळावर वाळू सोडतात, इथे वजन हलवणं एवढंच हाती होतं. तिन्ही डबे निघाले. छप्पर उचलता येईल असं ठेवावं लागलं, कारण डबीचं बटण आणि सेल दोन्ही आत आहेत.

अंग बांधायचं काम त्यामानाने लवकर झालं. तोंडाला सरळसोट उतरते ठोकळे, वर हेडलाइट. लाल पट्टा आणि जाळ्या यांच्यासाठी तुकडे आडवे लावले, टिकल्या बाहेरच्या बाजूला करून. इथे एक हिशोब फार उपयोगी पडतो: पाच पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन टिकल्यांइतकी उंची होते, १६ मिलिमीटर. हे जुळतं म्हणूनच उभं आणि आडवं बांधकाम फट न राहता एकमेकांत बसतं. ज्याने हे माप ठरवलं त्याला मी मनोमन हात जोडले.

सईची एकच अट होती: एकही तुकडा कापायचा नाही, चिकटवायचा नाही. मधल्या चाकाची फ्लँज घासून टाकली असती तर माझे ते तीन दिवस वाचले असते. पण तिचं बरोबर होतं. उद्या तिला यातूनच दुसरं काही बांधायचं असेल. कागदी पट्टीवर छापलेलं 'अजनी' आणि ३० ने सुरू होणारा नंबर एवढंच बाहेरचं लावलं.

छतावर पेंटोग्राफ दोन, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे सांगाडे, बारीक दांड्यांचे, वर-खाली होणारे. सईने पुढचा वर केला. मी सांगितलं, गाडी चालताना साधारणपणे मागचा वर असतो. "का?" तर पेंटो कधी तारेत अडकून तुटलाच तर तुकडे मागे उडतात, पुढचा तुटला तर छतावरचं सामान आणि मागचा पेंटोही घेऊन जाईल. तिने लगेच बदलला. आता गाडी उलटी चालवायची झाली तर रिमोट दाबायच्या आधी ती पेंटो बदलते. मी पुन्हा कधी सांगितलं नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी दिवाणाखालून, कूलरच्या स्टँडला वळसा घालून पूर्ण रूळ मांडला. शेडमधले माझे एक जुने जोडीदार आले होते, काटोलकडचे, माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झालेले. घरच्यांनी आधी रंगाचं, मग तोंडाचं कौतुक केलं. हे काही बोलले नाहीत. चहाचा कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून फरशीवर बसले आणि इंजिन वळणावरून जाताना वाकून मागची बोगी पाहिली. दुसऱ्या फेरीला पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मधल्या एक्सलले खेळ किती ठेवला?"

"दोन मिलिमीटर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सईकडे रिमोट मागितला.