रेस दिली की गाडी ओरडते: आवाज नेमका कुठला?

खडखड, घरघर, टकटक, चिरचिर, भणभण. आवाजांना नावं द्यायला मराठीत शब्दांची ददात नाही. पण बिघाड शोधताना आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाच्या तालावर चालतो हे जास्त कामाचं. इंजिनाच्या आरपीएमच्या, चाकांच्या वेगाच्या, की इंजिनावर पडणाऱ्या ओझ्याच्या?

आधी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून रेस हळूहळू २५०० ते ३००० आरपीएमपर्यंत न्या. आवाज आला, तर टायर, चाकाचं बेअरिंग आणि ॲक्सल यादीतून बाद. नाही आला, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किमी वेग धरा आणि वेग तोच ठेवून एक गिअर खाली या. आवाजाची पट्टी चढली तर तो इंजिनाकडचा. जशीच्या तशी राहिली तर चाकांकडचा. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि पाय उचलताच थांबणारा आवाज ओझ्याचा. एवढं केल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

सगळ्यात आधी संशय घ्यावा तो एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा. मॅनिफोल्डचं (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांचं) पॅकिंग फुटलं की थंड इंजिनावर टकटक ऐकू येते, रेसबरोबर ती वाढते, आणि इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून फट मिटते व आवाज कमी होतो. अनेकजण याला टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज समजून व्हॉल्व्ह कव्हर उघडतात. तपासणी सोपी आहे: मोकळ्या हवेत थंड इंजिन सुरू करा, हातमोजे घालून जाड कापडाची घडी सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद दाबा आणि मदतनिसाला बॉनेटपाशी कान देऊ द्या. गळतीच्या जागी फुसफुस वाढते. जोडावर काळी काजळीही दिसते. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर मिश्रणात इंधन कमी असल्याचं सांगतो, गाडीचा संगणक इंधन वाढवतो आणि मायलेज घसरतं. एक्झॉस्टचा वायू केबिनमध्ये येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

पॅकिंग बदलताना घात होतो तो गंजलेल्या स्टडवर (मॅनिफोल्ड धरणाऱ्या बिनडोक्याच्या बोल्टवर). आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सैल करा. मॅनिफोल्ड निघाल्यावर पृष्ठभाग साफ करून त्यावर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. तो वाकलेला असेल तर नवं पॅकिंगही थोड्याच दिवसांत फुटणार. आधी लेथवाल्याकडून समतल करून घ्या. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा.

एक्झॉस्टमधला लवचीक, जाळीचा फ्लेक्स पाइप फुटला असेल तर तो बदलून गप्प बसू नका. बऱ्याचदा तो फुटतो कारण इंजिन गरजेपेक्षा जास्त डुलतं, म्हणजे माउंटिंग (इंजिन धरणारा रबरी आधार) गेलेलं असतं. माउंटिंगची खूण म्हणजे गाडी जागेवरून निघताना 'धप्प' आणि ओझ्याखाली बॉडीतून येणारी भणभण. बॉनेट उघडं ठेवून पायाचा ब्रेक घट्ट दाबा, ऑटोमॅटिकमध्ये डी आणि मग आर टाकून दोन सेकंद हलकी रेस द्या. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन उसळी मारत असेल तर निकाल लागला. बदलताना ऑइल पॅनखाली रुंद लाकडी ठोकळा ठेवून जॅकने वजन पेलून धरा, एका वेळी एकच माउंटिंग काढा. बोल्ट आधी सैल ठेवून इंजिन हलवा, रबर मोकळं बसू द्या, मगच आवळा. पिळलेलं रबर पहिल्या दिवसापासून थरथर देतं.

ठराविक आरपीएमलाच पत्र्याची झणझण येत असेल तर थंड गाडीखाली हीट शील्डला (एक्झॉस्टची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) रबरी हातोडीने टकटक करा. गंजलेल्या बोल्टच्या भोकाखाली मोठा वॉशर, नाहीतर भोवती स्टीलचा मोठा क्लॅम्प. पाच मिनिटांचं काम. अर्थात गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा नको, स्टँड हवेतच.

बेल्टच्या किंचाळीसाठी दुरून, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी बसली आहे. वाढला तर ताण कमी, म्हणजे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बघा. टर्बो गाडीत सुस्कारा, पिकअप कमी आणि डिझेल असेल तर काळा धूर, हे तिन्ही जुळले की इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप आणि क्लॅम्प तपासा.

चाकांकडचा आवाज ओळखण्यासाठी वळण वापरा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं; तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग. पूर्ण वळणात कटकट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (ॲक्सलचा वळणारा सांधा), सरळ जाताना रेस दिल्यावर थरथर म्हणजे बहुधा आतला. रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसलं की बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय.

उरला ओझ्याखालचा टिणटिण नॉक (इंधन अवेळी पेटल्याचा आवाज): कमी ऑक्टेनचं पेट्रोल, साचलेला कार्बन किंवा उंच गिअरमध्ये रेटणं. खालचा गिअर टाकून बघा. पण खोलवरून ठोक्यासारखा जड आवाज आला तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ओढून न्या. तेल भरून आवाज दबला तरी झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही.